नाकाने कांदे सोलताना

सर्वप्रथम खुलासा : या लेखाच्या लेखिकेने वाईनचा एक थेंबही घेतलेला नाही. (रेक्टर मॅडम, कृपया नोंद घ्यावी!) मला वीस पूर्ण आहेत आणि आपल्या राज्यात वाईनला २१ लागतात. पण वास घ्यायला वयाची अट नाही. गेल्या मे महिन्यात पोलादपूरला मामाकडे मी तेवढंच केलं. दुसरा खुलासा : कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, त्या संपादकांनी पोटात घालाव्यात.

माझा मामा नाशिककडे एका वायनरीच्या लॅबमध्ये आहे. आजी तिला ‘सरबताची कंपनी’ म्हणते आणि कुणी दुरुस्ती करत नाही. सुट्टीत येताना त्याने तीन रेड वाईन आणल्या. दोन नाशिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या : एक शिराझ, एक कॅबर्ने सोव्हिन्यों. तिसरी कुणीतरी भेट दिलेली, बुचाची. आजी देवळात गेली आणि आमची परीक्षा सुरू झाली. परीक्षक मामा, मामी आणि महाडहून आलेले माझे बाबा. मी कारकून.

रेड वाईन ‘रूम टेंपरेचरला’ प्यावी म्हणतात, पण ती रूम युरोपातली, १६-१८ अंशांची. पोलादपूरच्या पडवीत मे महिन्यात तिचा काढाच होणार. म्हणून बाटल्या अर्धा तास फ्रीजमध्ये. मग त्यांना वर्तमानपत्र गुंडाळून वर १, २, ३ असे नंबर. झाकायच्या का? कारण डोळे फसवतात. २००१ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी वाईनचाच अभ्यास करणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाईट वाईनमध्ये लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं! (व्हायवात आपलंही असंच होतं. सरांचा चेहरा बघून उत्तर.)

स्टीलचे पेले बाद. काचेच्या ग्लासात जेमतेम तिसरा हिस्सा वाईन ओतायची आणि माझ्या जर्नलच्या कोऱ्या पानावर तिरकी धरायची. कडेला जांभळी झाक असेल तर वाईन तरुण, विटकरी असेल तर वयस्क. मग ग्लास गोल फिरवून नाक आत. मामाच्या पुस्तकात ‘ब्लॅककरंट’ लिहिलं होतं, ते आमच्यात कुणी पाहिलंय? मामीने सरळ ‘करवंद’ सांगितलं. शिराझला ‘मिरी’. मामा म्हणाला, दोन्ही उत्तरं बरोबर. शेवटी घोट. जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते ना, ते टॅनिन. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं. तुरटपणा खरं तर चवीपेक्षा स्पर्शच जास्त, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि तोंड कोरडं पडतं.

तिसरा ग्लास मी नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

“अगं बाई, पुराचा वास!” मामी म्हणाली.

तोच. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडमध्ये शिरलं, आमच्या तळमजल्यावर छतापर्यंत. उतरल्यावर जो वास राहिला, भिजलेल्या रद्दीचा, कुबट, तो बाटलीतून आला. मामाने सांगितलं की हा बुचाचा दोष. बुचातल्या बुरशीमुळे टीसीए नावाचं रसायन बनतं. ते अगदी थोडं असलं तरी नाकाला कळतं. वाईन खराब, मार्क नाहीत.

बाबांनी तोवर निम्मा ग्लास संपवला होता. “हलकी आहे जरा, पण छान,” ते म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. मग बेरीज करायला घेतली. मामाने २० मार्कांचा तक्ता दिला होता. बाबांचे रंगाचे मार्क वेगवेगळे, तुरटपणाचे तर मामाच्या मार्कांशी जुळणारे. वासाच्या रकान्यात मात्र चार, चार, चार. प्रॅक्टिकलला प्रत्येक वेळी मीटरवर एकच रीडिंग आलं की आपण काय समजतो? मीटर बंद आहे.

आणि मग मला पुरानंतरचा चिखल आठवला. आम्ही सगळे नाकाला ओढण्या, रुमाल बांधून. बाबा एकटे उघड्या तोंडाने फावडं मारतायत. अख्ख्या आळीने तेव्हा त्यांचं कौतुक केलं होतं. मी तर त्यावर शाळेत इंग्लिशमधून निबंध लिहिला होता, ‘माय हीरो’. त्याआधी दोनच महिने त्यांना कोविड झाला होता.

परत येताना गाडीत विचारलं, “बाबा, वास कधीपासून येत नाही?”

बराच वेळ ते हायवेकडे बघत राहिले. “आईला बोलू नकोस. तिला वाटतं मला तिचं कालवण आवडतं.”

“आवडत नाही?”

“तिखट कळतं, आंबट कळतं. बाकी आठवणीने जेवतो.”

मला रडू येत होतं, पण दुसरीच गोष्ट डोक्यात आली आणि रागच आला. बाबा एमआयडीसीत प्लांटवर आहेत. सॉल्व्हंटची गळती वासावरून सगळ्यात आधी ओळखणारा माणूस अशी त्यांची ख्याती. चार वर्षं त्याच ख्यातीवर नाईट शिफ्ट! “डिटेक्टर आहेत गं,” म्हणाले. महाड येईपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही.

जूनमध्ये त्यांनी साहेबांना सांगितलं. आता ते स्टोअर्सला असतात, रजिस्टर सांभाळतात. त्यांना ते अजिबात आवडलेलं नाही आणि त्याबद्दल थोडे माझ्यावरच रुसलेत. आईला मात्र त्यांनी अजून सांगितलेलं नाही. (हा अंक घरी न्यायचा नाही असं ठरवलंय.)

जर्मनीतल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये वासाचा व्यायाम मांडला होता : गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचं. इतक्या उशिरा फायदा होईलच असं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तरी बाबा करतात. मार्क मी ठेवते, दर रविवारी हॉस्टेलच्या जिन्यात बसून फोनवर.

परवा लवंगेला त्यांनी अर्धा मार्क दिला. मी विचारलं, नक्की? म्हणाले, “कारकुनाने प्रश्न विचारायचे नसतात. लिही.”