डोंगरातली भाकरी आणि आपली नजर

स्वारगेटहून निघालेली बस कात्रजला पोहोचली की दुकानांच्या पाट्यांमागून डोंगराची कड दिसू लागते. वाचकहो, हा डोंगर पुण्याचा जुना यजमान आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी येथे तलाव बांधविला आणि डोंगराचे पाणी नळाने शहरातील हौदांपर्यंत नेले. जुन्या बोगद्याजवळच्या वाघजाईच्या देवळापासून निघणारी डोंगरधार पश्चिमेस थेट सिंहगडाला भिडते. तरुण मंडळी चांदण्या रात्री ती पायी ओलांडतात. ज्यांचे गुडघे एवढी चढउतार सोसत नाहीत, ते मोटारीने गडावर जाऊन पिठले-भाकरी आणि मडक्यातल्या दह्याचा आस्वाद घेतात.

गडावरच्या माणसांची ओळख मात्र आपल्याला घरबसल्याच झालेली असते. मालिका, जाहिराती आणि अलीकडे मोबाइलवरील चित्रफिती यांतून चुलीपुढची आजी आपण अनेकदा पाहिलेली असते. ती हसत भाकरी थापते, पैसे नको म्हणते, आणि डोंगरच्या हवेमुळे तिला दुखणे ठाऊक नाही, असे निवेदक सांगतो. हे चित्र अगदीच खोटे नाही. दारी आलेल्याला पाणी आणि गूळ देण्याची रीत सह्याद्रीत आहेच. पण त्या चित्रात आजीचे श्रम दिसत नाहीत.

हिरकणीची कथाच पाहा. रायगडावर दूध घालण्यास गेलेली गवळण दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेली. लोककथेने ती रात्र जपली आणि २०१९ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. त्या रात्रीपूर्वी दुधाचे ओझे घेऊन ती रोज गड चढत होती, हे मात्र सहसा कोणी आठवत नाही. चुलीपुढच्या आजीचेही तसेच. पाण्याचा हंडा, सरपणाची मोळी आणि वर्षानुवर्षे छातीत गेलेला धूर यांचा हिशेब तिच्या शरीराला चुकवावा लागतो. चुलीच्या धुराने श्वासाचे जुनाट विकार जडतात, डोळ्यांनाही अपाय होतो. तिला दुखणे नाही असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तिच्यापासून दवाखाना दूर असतो, एवढाच त्याचा अर्थ.

याला अपवादही आहेत. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेल यांनी १९७७ साली 'जैत रे जैत' काढला. त्यातला ठाकर नाग्या पाहुण्यांची सरबराई करण्यासाठी पडद्यावर आलेला नाही. त्याला स्वतःचा राग आहे, प्रेम आहे, हट्ट आहे.

रुग्णाची सेवा करणाऱ्यांना हे चटकन उमगेल. 'ती कधी दमत नाही' असे जिच्याविषयी कौतुकाने बोलले जाते, अशी एक व्यक्ती आपल्याही घरात असते. त्या कौतुकामुळे तिला दमले म्हणण्याची सोय उरत नाही. डोंगरातल्या आजीकडे नीट पाहता आले, तर घरातल्या तिच्याकडेही आपले लक्ष जाईल.

तेव्हा गडावर अवश्य जा. वाहनतळापासून पुढे पायऱ्या आहेत. त्या टेकत, थांबत चढा. औषधे आणि पिण्याचे पाणी जवळ ठेवा. रक्तदाब असल्यास ठेचा आणि लोणचे बेताने घ्या. जमिनीवर बसवत नसेल, तर खुर्ची किंवा ओटा मिळेल का, असे संकोच न करता विचारा. किती जण जेवणार आहात ते आधी सांगा, म्हणजे पीठ वाया जात नाही. छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी मागा. भाकरीचे पैसे घासाघीस न करता द्या. आणि निघताना मावशींना 'छान झाले होते' म्हणाल, तेव्हा 'तुम्ही जेवलात का?' हेही विचारा.