दुसऱ्या दिवशीची देवघेव

चि. बाळ,


तू तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल झालीस हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं, आणि त्याच दमात पगाराचा आकडाही सांगून मोकळी झाली. तिचं चुकत नाही. 1967 च्या कायद्यानं आपल्याकडच्या मान्यताप्राप्त वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं खरं, पण गाडा ओढायचा संस्थेनंच. अनुदानाचा निम्मा भाग पगारांचा, उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, वीज, नियतकालिकं, बांधणी सगळं बसवायचं. 2012 च्या वाढीनंतर पुढची 60 टक्क्यांची वाढ थेट 2022 साली झाली. महागाई काही तोवर दहा वर्षं थांबून राहिली नव्हती. हप्ता लांबला की पेपरवाल्याची उधारी चढते. तेव्हा पेपरवाल्याशी गोडीनं राहा. अध्यक्षांशी थोडं कमी गोडीनं वागलीस तरी निभावेल.

वर्षाच्या कार्यक्रमांची यादी एव्हाना तुझ्या हातात आली असेल. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, 23 एप्रिलला पुस्तक दिन, 12 ऑगस्टला रंगनाथन जयंती, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. दर वेळी हार, नारळ, प्रमुख पाहुणे आणि अहवालाला जोडायला फोटो. हे सगळं कर, तपासणीच्या वेळी ते दाखवावं लागतं. पण कार्यक्रम खरंच झाला का, हे तू दुसऱ्या दिवशीच्या देवघेवीच्या नोंदीत बघत जा.

आमच्या वाचनालयात एकदा पुण्याचे एक गाजलेले वक्ते आले होते. सभागृह भरलं, बाहेर मांडव घालावा लागला, लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. दुसऱ्या दिवशी त्या विषयाचं एकही पुस्तक कपाटातून हललं नाही. पुढे एका निवृत्त तलाठ्यांना बोलावून ‘सातबारा कसा वाचायचा’ एवढाच विषय ठेवला. समितीतल्या काहींनी नाकं मुरडली, हा काय साहित्यिक कार्यक्रम आहे का म्हणून. आसपासच्या गावांतले शेतकरी आपापले उतारे प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आले. फळ्यावर खडूनं उतारा काढला होता. एक म्हातारे उठून फळ्यापाशी गेले आणि ‘इतर हक्क’ या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी स्वतःच्या विहिरीचं भांडण सांगायला सुरुवात केली. तास दीड तास कुणी हललं नाही. जमीन कायद्यावरची आमची दोन पुस्तकं त्याच संध्याकाळी गेली आणि पुढे कित्येक दिवस नंबर लागलेले होते. वाचनालयात पूर्वी पाऊल न टाकलेली माणसं होती ही. म्हणून सांगते, व्याख्यानाच्या दिवशी विषयाची पुस्तकं दाराशी टेबलावर मांड, आणि नोंदवही तिथेच उघडी ठेव. चहा नंतर.

वेळांचं बघ. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी चार ते आठ ही वेळ ज्यानं कुणी ठरवली, त्यानं घरात कधी पोळ्या लाटल्या नसाव्यात. बाईला मोकळीक मिळते ती दुपारी दोनच्या सुमारास, आणि नेमकं तेव्हा आपल्या दाराला कुलूप. आम्ही आठवड्यातून एक दुपार उघडं ठेवायला लागलो. समितीनं मोठ्या उत्साहानं पाककृती आणि विणकामाची पुस्तकं पुढे काढून ठेवली. बायकांनी त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता नारायण धारपांच्या भयकथा नेल्या! काय वाचावं हे कुणाला शिकवायच्या भानगडीत पडू नकोस.

काचेच्या कपाटांना कुलपं असतील तर आधी किल्ल्या मागून घे. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हे रंगनाथनांनी 1931 मध्येच पहिलं सूत्र म्हणून मांडलं; आपल्याकडे त्यांच्या तसबिरीला हार घालतात आणि तसबिरीखालचं कपाट बंदच असतं. चार पुस्तकं हरवतील. हरवू देत.

अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं दिवसभर खुर्च्या अडवतात, वाचनालयाच्या पुस्तकाला हात लावत नाहीत, अशी कुरकुर तुझ्या कानावर येईलच. त्या मुलांना घरी टेबल नसतं, एवढं ध्यानात ठेव. त्यांच्या खोलीत पाण्याच्या माठाशेजारी नवी मासिकं टाकून ठेव, बाकी काही बोलू नकोस.

सगळ्यात जीव लावून करण्यासारखं काम म्हणजे फिरती पेटी. कल्पना आपली नव्हे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना आणून संस्थानभर ग्रंथालयं उभी केली, तेव्हा पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी जात. आम्ही पत्र्याची ट्रंक घेतली, झाकणाच्या आतून यादी चिकटवली आणि एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करून वाडीवरच्या शाळेत धाडली. गुरुजी सही करून घेत, महिन्यानं पेटी बदलत. पुस्तकं परत येत ती हळदीचे डाग, पानांत मोरपीस, कुठे बाळाच्या दाताचे ठसे घेऊन. डागाळलेल्या प्रतींबद्दल हिशेबनिसांनी कटकट केली, तर ती ऐकून घे आणि पेटी भरून पाठव.

दिवाळी अंकांचं मात्र आतापासूनच ठरवायला लाग. 1909 मध्ये ‘मनोरंजन’नं हा पायंडा पाडला, आणि लहान गावातल्या वाचनालयाला आजही चार पैसे दिवाळी अंकांच्या योजनेतूनच मिळतात. सभासद एकदाच वर्गणी भरतो आणि पुढचे काही महिने अंक बदलून नेतो. एका अंकाच्या दोन प्रती घेण्यापेक्षा दोन वेगळे अंक घे. मागणी असलेल्या दोन-तीन अंकांपुरता अपवाद कर. ज्योतिषाचा अंक घ्यायला लाजू नकोस, तोच सगळ्यात आधी फाटतो. अंक आले की मी चार दिवस येईन. खाकी कागद, जाड दोरा आणि खळ आणून ठेव, कव्हरं आपण दोघी मिळून घालू.

तुझी,
आत्या