पडद्यावरचा पांढरा

रिळांच्या जमान्यात चित्र बिघडलं की थिएटर डोक्यावर घेतलं जायचं. फिल्म तुटली, फोकस गेला, की शिट्ट्या सुरू. डिजिटल प्रोजेक्टरचं चित्र मात्र बिनबोभाट बिघडतं. लॅम्प जुना होतो, काचेवर धूळ बसते, पांढऱ्यावर हिरवी झाक चढत जाते. हे रोज थोडंथोडं होतं आणि डोळा सरावत जातो. मेहरूणला राहून मी जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे या पट्ट्यातले प्रोजेक्टर लावतो आणि सांभाळतो. बूथमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य एकच: “भाऊ, पब्लिक काही बोलत नाही.” पब्लिक बोलत नाही, म्हणूनच मोजावं लागतं.

मोजायचं कशाशी, हे ठरलेलं आहे. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी २००२ मध्ये ‘डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्ह्ज’ स्थापन केली आणि २००५ मध्ये तिचे नियम आले. त्यानुसार पडद्याच्या मध्यावर पांढऱ्याचा उजेड १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे चौरस मीटरला ४८ कँडेला हवा. तुमच्या खिशातला मोबाइल याच्या दहापट सहज उजळतो. थिएटरात अंधार असतो म्हणून एवढा उजेड पुरतो. पण त्यातला अर्धा गेला, तर उरलेला पुरत नाही. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) आठवा. छायालेखक पंकज कुमार यांनी तो पाऊस आणि काळोखातच रंगवला आहे. सात फूट-लॅम्बर्टवर त्यातल्या भिंती, ओल, सावल्या सगळं एकच काळं होऊन जातं. कलाकारांनी महिनोन्‌महिने केलेलं काम प्रेक्षकापर्यंत पोचतच नाही, आणि न पोचल्याचं त्याला कळतही नाही.

काम सुरू होतं फडक्यापासून. बूथ आणि सभागृह यांच्यामधली पोर्ट ग्लास दोन्ही बाजूंनी पुसायची, लेन्स पुसायची, हवेचे फिल्टर काढून झटकायचे. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ फिल्टरमध्ये गच्च बसते आणि मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकला की यंत्राचा जीव गुदमरतो. मग लॅम्प पेटवून वीसेक मिनिटं तापू द्यायचा. गार लेन्सवर लावलेला फोकस तापल्यावर सरकतो.

त्यानंतर जाळीचा नमुना पडद्यावर टाकतो आणि खाली उतरून पडद्याजवळ उभा राहतो. टू-के चित्रात आडवे २०४८ ठिपके असतात. पडदा ४० फुटी असेल तर एक ठिपका साधारण सहा मिलिमीटरचा. प्रोजेक्टरच्या आत लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशासाठी तीन वेगळ्या चिप असतात, प्रत्येकीवर लाखो सूक्ष्म आरसे. तिन्ही चित्रं एकावर एक नेमकी बसली तर जाळीची रेघ पांढरी दिसते. एक चिप अर्धा ठिपका हलली, तर रेघेच्या एका बाजूला तीन मिलिमीटरची लाल किनार उमटते. मागच्या रांगेतून ती दिसत नाही. फक्त श्रेयनामावलीतली अक्षरं पुसट वाटतात, चेहऱ्याचा रेखीवपणा जातो. बूथमध्ये स्क्रू हळूच फिरवून पुन्हा खाली येऊन ती किनार गिळली गेलेली बघणं, हा माझ्या कामातला सगळ्यात आवडता क्षण.

जुन्या बाल्कनीच्या टॉकीजमध्ये बूथ उंचावर असतो. प्रकाश तिरका खाली येतो आणि चित्र खाली पसरट होतं. लेन्स सरकवून जमेल तेवढं सावरायचं आणि उरलेल्या कडा काळ्या पट्टीत लपवायच्या. ठिपके दाबून चौकोन सरळ करू नये; त्यात चित्राचं सूत बिघडतं.

मग लांबी-रुंदीचा प्रश्न. चित्राची मापं दोन: फ्लॅट १९९८ बाय १०८० ठिपक्यांचं, जास्त रुंद स्कोप २०४८ बाय ८५८. स्कोपला चिपच्या उंचीतला पाचवा हिस्सा रिकामा राहतो, आणि उंची तीच ठेवून पडदा रुंद करायचा तर तोच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. हिशेब मांडला तर स्कोपचा उजेड फ्लॅटच्या दोन तृतीयांशाहूनही कमी भरतो. म्हणून दोन मापांना लॅम्पच्या ताकदीचे दोन वेगळे आकडे लावून ठेवायला हवेत. अनेक ठिकाणी एकच आकडा लावलेला सापडतो.

शेवटी रंग. सभागृहाच्या मधल्या खुर्चीवरून मीटर पडद्यावर रोखायचा, कारण काचेतून पार होऊन मळक्या पडद्यावरून जे परत येतं, तेच प्रेक्षक पाहतो. रंगांच्या आलेखावर पांढऱ्याचा ठरलेला बिंदू आहे ०.३१४ आणि ०.३५१. सराफ बाजारात सोन्याचा कस नजरेने ठरवत नाहीत, तसा पांढराही नजरेने ठरवता येत नाही. प्रोजेक्टरचा मूळ पांढरा बहुधा हिरवट असतो. त्याला बिंदूवर आणताना थोडा उजेड खर्ची पडतो. एका मालकांनी मला ती दुरुस्तीच काढून टाकायला सांगितलं होतं. “लख्ख दिसू द्या,” म्हणाले. लख्ख दिसलं असतं, पण नायिकेच्या गालावर कावीळ चढली असती. मी नाही म्हणालो. उजेड हवा तर लॅम्प बदलायला हवा. लॅम्पची किंमत मला माहीत आहे, पन्नास माणसांवर खेळ चालवणाऱ्याची ओढाताणही. तरी मुदत उलटलेला झेनॉन लॅम्प चालवणं ही काटकसर नव्हे. आतल्या दाबाने तो फुटला तर आरसाही घेऊन जातो. आता लेझरचे प्रोजेक्टर वीस-तीस हजार तास चालतात, पण त्यांचाही उजेड उतरतोच. मोजणी टळत नाही.

एके काळी प्रिंट महाग म्हणून खान्देशातल्या तालुक्यांना नवा सिनेमा कित्येक आठवड्यांनी, ओरखड्यांसह मिळायचा. यूएफओ मूव्हीजसारख्या कंपन्यांनी उपग्रहावरून चित्रपट धाडायला सुरुवात केली आणि मुंबईचा शुक्रवार पारोळ्याचाही शुक्रवार झाला. आता मुंबईचा उजेडही इथे हवा. त्यासाठी प्रेक्षकाने तोंड उघडलं पाहिजे. नावं पुसट दिसत असतील, कोपरे मध्याच्या मानाने फार काळवंडले असतील, पांढरा सदरा हिरवट वाटत असेल किंवा नटाचं डोकं कापलं जात असेल, तर मध्यंतराची वाट न पाहता उठून मॅनेजरला सांगा. तिकीट पूर्ण चित्राचं काढलेलं असतं. आणि ज्या दिवशी “पब्लिक बोलतं” असं मला बूथमध्ये ऐकू येईल, त्या दिवशी लॅम्प बदलायला कुणाची मनधरणी करावी लागणार नाही.