सरकारचे काम, देवाचे काम

बेंगळुरूच्या चामराजपेटमध्ये एखाद्या सकाळी पायी हिंडले, तर पाच शतकांत किती सरकारे आली आणि गेली याचा हिशेब तासाभरात होतो. शेजारच्या किल्ल्यापासून सुरुवात करावी. १५३७ साली केंपेगौडांनी इथे मातीचा किल्ला बांधला. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने तो घेतला आणि बेंगळूर शहाजीराजांची जहागीर झाले. १६८७ मध्ये मोगल आले, आणि पुढे त्यांनी हे गाव तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना विकून टाकले. हैदरअलीने मातीच्या जागी दगडी तट उभारला. टिपूचा सागवानी खांबांचा महाल आजही तिथे उभा आहे, मात्र त्याचे राज्य कधीच सरले. मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या तोफांनी तट फोडला. १८३१ साली, कारभार बिघडला असे कारण सांगून, इंग्रजांनी म्हैसूरचे राज्य हाती घेतले. पन्नास वर्षांनी, १८८१ मध्ये, त्यांनी ते चामराजेंद्र वडेयरांना परत केले. त्यांच्याच नावाने १८९२ साली ही आखीवरेखीव वस्ती वसली.

यातल्या प्रत्येकाला वाटले असेल, मागच्याला जमले नाही ते आपल्याला जमेल. आपल्यालाही दर निवडणुकीला असेच वाटते. शाई लावलेले बोट मुलांना दाखवताना मनात आशा असते, आणि वर्षभरात त्याच तोंडून शब्द निघतात, "सगळे एकाच माळेचे मणी!"

असे का होते? कोणी म्हणतो, माणसे वाईट निवडली. कोणी म्हणतो, कायदे अपुरे आहेत. कोणी पक्षाला दोष देतो, कोणी जनतेला. या प्रश्नाला ख्रिस्ती विचाराचे एक जुने उत्तर आहे. ते पटो न पटो, ऐकण्याजोगे आहे, कारण ते बोट फक्त राज्यकर्त्यांकडे दाखवीत नाही.

दगडात कोरलेले वाक्य

चामराजपेटपासून चार-पाच किलोमीटरांवर विधानसौध आहे. १३ जुलै १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली, आणि मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्यांनी ती ग्रॅनाइटची भव्य वास्तू उभी करवून घेतली. तिच्या दर्शनी भागावर एक वाक्य कोरलेले आहे : "सर्कारद केलस देवर केलस." म्हणजे, सरकारचे काम ते देवाचे काम.

हे वाक्य दोन तऱ्हांनी वाचता येते. नोकराच्या नजरेने वाचले, तर अर्थ होतो : "हे काम माझे नाही, देवाचे आहे. मला त्याचा जाब द्यायचा आहे." मालकाच्या नजरेने वाचले, तर अर्थ उलटा होतो : "मी करतो तेच देवाचे काम. मला विचारणारे तुम्ही कोण?" अक्षरे तीच, दगड तोच. पण पहिल्या वाचनातून सेवक तयार होतो आणि दुसऱ्यातून हुकूमशहा.

योगायोग असा की, बायबलमध्ये जवळजवळ हाच विचार आहे. रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, अधिकारी हा देवाचा सेवक आहे, लोकांच्या भल्यासाठी नेमलेला. हे पत्र लिहिले गेले तेव्हा रोमच्या गादीवर कोणी संत नव्हता, नीरो होता! म्हणजे राज्यकर्ते कसे असतात हे पौलाला ठाऊक नव्हते, असे म्हणायला जागा नाही. सरकार ही वाईट गोष्ट आहे, असे ख्रिस्ती विचार म्हणत नाहीच. चामराजपेटच्या सेंट ल्यूक्स चर्चचेच पाहा. या मंडळीचे जुने चर्च किल्ल्यात होते. म्हैसूर सरकारने ती जागा घेतली, तिथे स्त्रिया आणि मुलांसाठी वाणीविलास रुग्णालय उभे राहिले, आणि मंडळीला चामराजपेटमध्ये दुसरी जागा मिळाली. एका हाताने घेतले, दुसऱ्या हाताने दिले आणि मधल्यामध्ये बाळंतिणींची सोय झाली. सरकार सेवक असते तेव्हा अशी कामे होतात.

मग बिघडते कुठे? सेवक मालक होतो तिथे.

पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा?

बायबलमधल्या पहिल्या शमुवेल या पुस्तकात एक मोठी मार्मिक कथा आहे. शमुवेल हा इस्राएल लोकांचा न्यायाधीश, अतिशय सचोटीचा माणूस. म्हातारपणी त्याने आपल्या मुलांना न्यायासनावर बसवले. पण मुले लाच खाऊ लागली आणि न्याय विकू लागली. लोक वैतागले आणि म्हणाले, "आम्हाला इतर राष्ट्रांसारखा राजा दे." शमुवेलाने त्यांना बजावले : राजा तुमचे मुलगे रथांपुढे धावायला नेईल, मुली स्वयंपाकाला नेईल, चांगली शेते घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. एके दिवशी तुम्हीच ओरडाल. लोकांनी ऐकले नाही. राजा आला, आणि सांगितलेले पुढे अनुभवासही आले.

या कथेत मुलांनी लाच खाल्ली हे एक दुःख आहेच. पण लोकांनी काढलेला उपाय त्याहून विचार करायला लावणारा आहे. त्यांनी व्यवस्था बदलली, माणसाचे मन मात्र तेच राहिले. ख्रिस्ती विचाराचा गाभा इथे आहे. पाप ही गोष्ट शत्रूच्या, विरोधी पक्षाच्या किंवा शेजारच्या जातीच्या घरी राहत नाही. ती प्रत्येकाच्या मनात असते, सज्जन बापाच्या मुलांतही असते. त्यामुळे चोर पकडायला नेमलेला माणूसही त्याच मातीचा असतो.

कर्नाटकाने याचा अनुभव अगदी अलीकडे घेतला. भ्रष्टाचाराला आळा घालण्यासाठी लोकायुक्ताची नेमणूक करण्यात महाराष्ट्राने पुढाकार घेतला होता. कर्नाटकाने १९८४ साली कायदा केला आणि अधिक कडक अधिकार दिले. त्याचा उपयोगही झाला. न्यायमूर्ती संतोष हेगडे यांनी २०११ च्या जुलैमध्ये बेकायदा लोहखनिज उत्खननावर अहवाल दिला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. लोकांना वाटले, मिळाला एकदाचा पहारेकरी! पण २०१५ मध्ये खुद्द लोकायुक्तांच्या कार्यालयाभोवतीच खंडणीच्या आरोपांचे वादळ उठले, आणि तेव्हाच्या लोकायुक्तांना राजीनामा द्यावा लागला. २०१६ मध्ये सरकारने वेगळा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग काढला. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द करून अधिकार पुन्हा लोकायुक्ताकडे सोपवले.

म्हणून लोकायुक्त नकोत का? मुळीच तसे नाही. माणूस घसरतो म्हणूनच कुलूप हवे, तपासणी हवी, न्यायालय हवे. पण पहारेकऱ्यावर पहारेकरी, त्याच्यावर आणखी एक, अशी उतरंड कितीही रचली तरी सगळ्यात वरच्या मडक्यावर झाकण कोण ठेवणार? ख्रिस्ती विचार म्हणतो, तिथे देव हवा. देवळात किंवा चर्चमध्ये बसवलेला नव्हे, तर ज्याला आपल्याला उत्तर द्यायचे आहे असा देव.

नाव देवाचे, राज्य कोणाचे?

इथे सुजाण वाचक हमखास विचारील, "मग ख्रिस्ती म्हणवणाऱ्या राजवटींनी काय दिवे लावले?" प्रश्न रास्त आहे. मराठी माणसाला त्याचे उत्तर गोव्यात सापडते. तिथे १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन, मधला थोडा काळ सोडला तर, १८१२ पर्यंत चालले. देवाच्या नावाने माणसांच्या श्रद्धेची झडती घेतली गेली, त्यांना छळले गेले. आपल्यावर राज्य करणारे इंग्रजही रविवारी चर्चला जातच होते.

म्हणजे सिंहासनावर देवाचे नाव लिहिले की राज्य सुधारते, असे नाही. उलट देवाचे नाव घेणारा, पण देवाला न भिणारा राजा सर्वांत घातक, कारण त्याच्या अन्यायाला पावित्र्याचे वस्त्र मिळते. बायबलमधला दावीद राजा स्वतः देवभक्त होता. तरी त्याने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला रणात मारवले. फरक इतकाच की, नाथान नावाचा संदेष्टा दरबारात आला, एका गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगून त्याने राजाला तोंडावर दोषी ठरवले, आणि राजाने मान खाली घातली. देवाला मानणाऱ्या राज्याची खूण हीच म्हणावी : तिथे नाथानाला बोलता येते आणि राजाला ऐकावे लागते.

असे नाथानाचे काम आपल्याकडे एका बाईंनी केले. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा, कर्नाटकातल्याच गंगामूळच्या रानातला. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. म्हणजे राज्यकर्त्यांचा धर्म तोच त्यांचा धर्म. गप्प बसल्या असत्या तर त्यांचे काही बिघडले नसते. पण १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात सरकारी इस्पितळात स्त्रियांची अब्रू सुरक्षित राहत नाही, असे दिसताच त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले. प्रकरण थेट ब्रिटिश संसदेत पोहोचले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप झिडकारला, तरी रमाबाई मागे हटल्या नाहीत. त्यांची निष्ठा सरकारच्या धर्माशी नव्हती, सरकारच्याही वर असलेल्या देवाशी होती.

शपथ आणि टेबल

आपल्या घटनेने देवाला कुठे ठेवले? १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत ह. वि. कामत यांनी सुचवले की, उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने व्हावी. मतदान झाले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. सूचना फेटाळली गेली. विरोध करणाऱ्यांत देव मानणारेही होते. श्रद्धा ही ज्याच्या त्याच्या अंतःकरणाची गोष्ट, ती कोणावर लादू नये, असे त्यांचे म्हणणे. ख्रिस्ती दृष्टीनेही यात दुःख करण्यासारखे काही नाही. मतांनी जिंकून देव मनात येत नसतो.

पण त्याच घटनेने मंत्र्याच्या शपथेत एक जागा ठेवली. तो "ईश्वरसाक्ष" शपथ घेऊ शकतो, किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करू शकतो. पुढची वचने दोघांना सारखीच : कोणाविषयी ममत्व किंवा आकस न बाळगता वागेन. देव न मानणारेही कितीतरी अधिकारी हे वचन निष्ठेने पाळतात. ख्रिस्ती विचार त्याला अपवाद म्हणत नाही. देवाने प्रत्येकाच्या हृदयावर आपला नियम कोरला आहे, सदसद्विवेकाचा आवाज तोच, असे पौल म्हणतो. प्रश्न आहे तो ज्यांनी हा आवाज बंद करून टाकला त्यांचा.

आणि हा आवाज फक्त मंत्र्यांपुरता नाही. चामराजपेटमधल्या किंवा दादर-नागपुरातल्या एका साध्या घराची कल्पना करा. घरधनी सरकारी कचेरीत कारकून. टेबलामागे भिंतीवर देवाची तसबीर, रोज उदबत्ती. समोर एक विधवा बसली आहे. नवऱ्याच्या पश्चात घर आपल्या नावावर करून घ्यायला ती चौथ्यांदा आली आहे. फाइल तयार आहे, फक्त सही हवी. शेजारचा सहकारी डोळ्यांनी खुणावतो. घरी मुलाच्या कॉलेजची फी भरायची आहे. काल रात्रीच बायको म्हणाली होती, "अहो, सगळेच घेतात. तुम्ही एकट्याने न घेतल्याने राज्य का सुधारणार आहे?"

त्या क्षणी विधानसौध लांब आहे. लोकायुक्तांना या टेबलाची खबर नाही. कायद्याचे पुस्तक कपाटात बंद आहे. विधवा तक्रार करणार नाही, ती हातरुमालाची गाठ सोडू लागली आहे. इथे त्या माणसाला कोण अडवील? जगातले कुठलेही सरकार इथे पोहोचू शकत नाही. ख्रिस्ती माणूस म्हणतो, ही एवढी जागा देवाची आहे. ती रिकामी राहिली, तर वरची सगळी इमारत पोकळ होते, मग ती ग्रॅनाइटची का असेना.

बायकोचा प्रश्न खोटा नाही. एकट्याने राज्य सुधारणार नाही. पण सही झाली की ती विधवा घरी जाऊन मुलांना सांगेल, "काम झाले, पैसे नाही लागले." त्या मुलांच्या लेखी सरकार म्हणजे तो एक माणूस असेल. आणि कारकुनाच्या घरी मुलगा विचारील, "बाबा, फीचे काय?" तेव्हा वडील म्हणतील, "हप्त्याने भरू." घरात थोडी ओढाताण होईल. पण मुलाला कळेल की, आपले बाबा कोणाला तरी भितात, आणि तो कोणी साहेब नाही.