‘रिलीव्ह’चा दुसरा अर्थ

इंद्रायणीकाठचे निघोजे हे पूर्वी शेतीवाडीचे गाव. आज चाकणच्या औद्योगिक वसाहतीने त्याला वेढले आहे. मराठवाडा, विदर्भ, नगरकडची तरुण मुले येथे भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात. त्यांपैकी काहींना आम्ही रविवारी संध्याकाळी एका भाविक कुटुंबाच्या ओसरीवर इंग्रजी शिकवीत असू. पद्धत आमची सेमिनरीतली. वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. एका शब्दाला एकच अर्थ. लॅटिन आम्ही असेच घोकले होते.

या पद्धतीची किंमत एका मुलाने मोजली. तो नुकताच कंत्राटी कामावर लागला होता. एका रात्री पाळी संपली तरी पुढच्या पाळीचा माणूस आला नाही, म्हणून तो यंत्रापाशीच थांबला. दोन तासांनी साहेब येऊन म्हणाले, ‘यू आर रिलीव्हड.’ आमच्या वहीत ‘रिलीव्ह’ म्हणजे ‘कार्यमुक्त करणे’; कारण बदलीच्या पत्रांत आम्ही तो शब्द त्याच अर्थाने वाचीत आलो होतो. नोकरी गेली असे समजून पोर तीन दिवस खोलीत पडून राहिले. लाजेने घरीही कळविले नाही. चौथ्या दिवशी उलगडा झाला, तोवर त्याच्या जागी दुसरा घेतला गेला होता. साहेबांना एवढेच म्हणायचे होते : तुझा बदली माणूस आला, आता तू घरी जा.

चूक त्याची नव्हती, आमची होती.

आपल्या मराठीत ‘वर’ म्हणजे नवरदेव, वर म्हणजे वरदान, आणि मांजर माळ्यावर चढते तेही वरच. लहान मूलसुद्धा येथे गोंधळत नाही. कारण त्याला शब्द वहीत नव्हे, वाक्यात भेटतो. इंग्रजीलाही हाच न्याय लावावा. बॅटरी चार्ज होते, रजेवर जाणारा साहेब चार्ज सोपवितो, पोलीस चार्ज ठेवतात, दुकानदार चार्ज लावतो. अर्थ चार, मूळ कल्पना एक : ओझे लादणे. ‘प्लांट’ म्हणजे रोपटे आणि कारखानाही. दोन्ही एका जागी रोवलेले. काही शब्द मात्र नुसते दिसायला जुळे असतात. मरणे या अर्थाचा ‘डाय’ आणि प्रेस शॉपमधला साच्याचा ‘डाय’ यांचे कुळ वेगळे. उपवासकाळाचा ‘लेंट’ आणि उसने दिले या अर्थाचा ‘लेंट’ यांचेही तसेच. म्हणून आता आम्ही मुलांना आधी विचारावयास सांगतो : हे कोण बोलतो आहे, कोणाशी, आणि कोठे? अर्थ त्यानंतर.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले १६१६ मध्ये. एका इंग्रजाने आपल्या भाषेसाठी एवढी वर्षे वेचली. आम्ही मात्र मुलांना त्याची भाषा रविवारच्या तासाभरात उरकून देत होतो.

त्या मुलाला पुढे दुसरीकडे काम मिळाले. पहिल्या पगाराच्या रविवारी तो ओसरीवर पाव घेऊन आला. त्या दिवशी आम्ही फळ्यावर एकच शब्द लिहिला : ‘कंपनी’. लॅटिनमध्ये ‘कुम’ म्हणजे सोबत, ‘पानिस’ म्हणजे भाकर. एका भाकरीचे सोबती, ती कंपनी. मुले क्षणभर गप्प झाली. मग एकाने हलकेच विचारले, ‘फादर, आमच्या कंपनीला हा अर्थ ठाऊक असेल का?’

उत्तर आम्हांस सुचले नाही. आम्ही पाव मोडला आणि सर्वांना वाटला.