दोन टबांच्या मधली जागा

मी मशीन दुरुस्त करतो; दसरा झाला की नवापुरात माझा फोन वाजायला लागतो. माळ्यांवरचं सामान उतरवलं जातं, गोधड्या आणि चादरी धुवायला निघतात, आणि पावसाळाभर कसंबसं चालवून घेतलेलं धुण्याचं मशीन नेमकं याच दिवसांत नकोसं होतं. तक्रार बहुतेक घरांत एकच: "दादा, मशीन चांगलं चालतंय, पण धुतलेल्या कपड्यांना कुबट वास येतो." मग पुढचा प्रश्न, जुनं झालंय, विकून टाकू का? या प्रश्नाने मला खरंच वाईट वाटतं. मोटार धडधाकट, गिअर ठीक, आणि नुसत्या वासापायी मशीन भंगारवाल्याच्या गाडीवर चढतं. वास मशीनच्या वयामुळे येत नाही. दोन वर्षांच्या मशीनला तो येतो आणि पंधरा वर्षांच्या मशीनला येत नाही, हे मी रोज बघतो.

ऑटोमॅटिक मशीनमध्ये आपल्याला दिसतो तो भोकांचा ड्रम. त्याच्याबाहेर आणखी एक टब असतो, पाणी धरून ठेवणारा. या दोहोंमधल्या फटीत ना हात जातो ना ब्रश. सेमी ऑटोमॅटिकमध्ये, म्हणजे आमच्या भागात सर्वांत जास्त असलेल्या जोडटबाच्या मशीनमध्ये, अशा जागा दोन: धुण्याच्या बाजूला तळातल्या चक्रीखाली, आणि पिळण्याच्या बाजूला जाळीदार डब्याबाहेर. अंगाचं तेल, कातडीचे कण, कपड्यांचे धागे, न विरघळलेली पावडर आणि मातीचा बारीक गाळ तिथे साचत जातो. त्यावर जिवाणू वाढतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. तो थर त्यांचं संरक्षण करतो, म्हणून नुसत्या पाण्याने किंवा रोजच्या धुण्याने तो निघत नाही. चक्री उचलली की खाली काळपट चिखलासारखा लगदा दिसतो. घरातल्या बाईंना तो मी मुद्दाम दाखवतो. एकदा पाहिला की पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

त्यात आमचं हवामान. नंदुरबारपेक्षा नवापुरात पाऊस कितीतरी जास्त. रंगावली नदीकाठची घरं, मोरीत किंवा मागच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेलं मशीन, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या कोपऱ्यात ऊन नाही. धुणं संपलं की झाकण लावून वर कव्हर घालायची पद्धत आहे. काळजीपोटीच घालतात, पण आतली ओल तिथेच कोंडली जाते. माझं पहिलं सांगणं म्हणूनच औषधाचं नसतं. धुणं झाल्यावर टब फडक्याने पुसा, झाकण उघडं ठेवा, मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि प्लास्टिकचं कव्हर पावसाळ्यात काढून ठेवा.

दुसरं कारण पावडर. फेस आला म्हणजे कपडे स्वच्छ झाले, हा समज घट्ट बसलेला आहे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात फेस कमी येतो, मग आणखी मूठभर पावडर पडते. ती खंगाळताना पूर्ण निघत नाही आणि क्षारांबरोबर टबाच्या बाहेरच्या अंगाला चिकटते. सुगंधी कंडिशनरचंही तसंच. त्याचा मऊ थर कपड्यांवर बसतो तसा मशीनच्या आतही बसतो. वास दडपायला कंडिशनर वाढवणाऱ्या घरांत मला सर्वांत जाड थर सापडतो.

कपड्यांत राहून गेलेल्या वासाबद्दलही बोलायला हवं. जपानी संशोधकांनी 2012 मध्ये दाखवून दिलं, की धुऊनही न जाणाऱ्या ओलसर वासामागे प्रामुख्याने मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू असतो. तो वाळण्याला आणि अतिनील किरणांनाही सहसा दाद देत नाही. एकदा मुरलेला वास नुसतं उन्हात टाकून जात नाही, तो यामुळेच. शिवाय सुती कापडापेक्षा पॉलिस्टरमध्ये अंगाचं तेल जास्त धरून राहतं, आणि सुरत इतकी जवळ असल्यावर आमच्या कपाटांत पॉलिस्टरच्या साड्या भरपूर.

मी आधी नाकाने तपासतो. कुबट, ओल्या गोणपाटासारखा वास असेल तर तो आतला थर. गटारासारखा असेल तर मशीन निर्दोष असू शकतं: पाणी सोडायचा पाइप थेट मोरीच्या भोकात खोल खुपसलेला असतो आणि गटाराची हवा त्यातून वर चढते. पाइप थोडा वर उचलला, भोकाला जाळी बसवली की काम होतं. कुजका, गोडसर वास आला तर मशीन आडवं करून खाली बघतो. सेमी ऑटोमॅटिकचा तळ अनेकदा उघडा असतो, पावसात उंदीर ऊब शोधत आत शिरतात, वायरी कुरतडतात आणि कधी तिथेच मरतात. जळका वास असेल तर प्लग काढा आणि मेकॅनिक येईपर्यंत हात लावू नका.

थर काढायचा तर सेमी ऑटोमॅटिकमध्ये आधी प्लग काढायचा, धाग्यांची जाळी काढायची, चक्रीच्या मधला स्क्रू सोडवून चक्री वर उचलायची आणि खालचा लगदा जुन्या ब्रशने खरवडायचा. मग चक्री परत बसवून टब गरम पाण्याने भरायचा. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकडं होतं. साधारण 50 अंश पुरे. त्यात ऑक्सिजनवाली डाग काढायची पावडर टाकायची, पाकिटावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेली. ती कोमट ते गरम पाण्यातच नीट काम करते. थोडं फिरवून तासभर भिजू द्यायचं, मग पुन्हा फिरवून सोडायचं. बाहेर येणारं पाणी आणि त्यातले काळे पापुद्रे बघून लोक चकित होतात. पापुद्रे येत राहतील तोवर साध्या पाण्याने धुवायचं. पिळायच्या बाजूचा डबा मात्र मेकॅनिककडूनच काढून घ्या.

क्षारांचा पांढरा थर असेल तर लिंबूसत्त्व, पण वेगळ्या दिवशी. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण इथे जिवावर बेतू शकतं: क्लोरीनवालं ब्लीच आणि लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनियाही एकत्र नको. नवापुरात हे वेगळं सांगावं लागतं, कारण 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू जिथे आढळला तो हा पोल्ट्रीचा तालुका. शेडवरचे कपडे कोंबडखताने माखलेले असतात आणि कोंबडखतात अमोनिया असतो. ते कपडे आधी बादलीत साध्या पाण्यात खळबळून पिसं, भुसा आणि घाण काढा, मगच मशीनमध्ये घाला. भातलावणीच्या चिखलाच्या कपड्यांनाही हाच नियम.

फ्रंट लोडवाल्यांनी दाराच्या रबराची घडी उलटून पुसावी, पावडरचा खण बाहेर काढून धुवावा, आणि खाली कोपऱ्यातलं फिल्टर उघडून नाणी, पिना, केस काढावेत. उघडताना खाली पसरट भांडं ठेवा, पाणी येतं. हीटर असल्यामुळे 60 अंशांवर रिकामी फेरी देता येते. क्लोरीनचं ब्लीच मात्र वारंवार वापरू नका. ड्रमच्या पाठीमागे ॲल्युमिनियमचा तीन पायांचा आधार असतो, आम्ही त्याला स्पायडर म्हणतो. ब्लीचने तो खंगला की ड्रम डुगडुगतो आणि दुरुस्ती महागात जाते.

सुरतेकडून येणारं वापरलेलं मशीन घेत असाल तर मोटार ऐकायच्या आधी ड्रममध्ये तोंड घालून वास घ्या. वास आला तर घेऊ नका असं नाही, साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करा.

पुरात बुडालेल्या मशीनचं गणित वेगळं. 2018 च्या ऑगस्टात रंगावलीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा टबांमधल्या फटींत गाळ आणि गटाराचं पाणी दोन्ही गेलं होतं. अशा मशीनला वरवर पुसून प्लग लावू नका. आधी मागचं पॅनल काढून मोटार पूर्ण सुकवायची, वायरी तपासायच्या, दोन्ही टब सुटे करून स्वच्छ पाण्याने गाळ काढायचा, आणि मगच गरम पाणी व पावडर.


किती दिवसांनी साफ करायचं, हेही सगळे विचारतात. बोअरचं पाणी असेल तर पावसाळ्यात महिन्याला एकदा, एरवी दोन महिन्यांनी. लागोपाठ दोनदा गरम पाण्याने धुऊनही वास उरला तर टब खोलावाच लागेल. ते काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत करून घ्या. सुटे भाग उन्हात ठेवता येतात आणि सीलही नीट तपासता येतात.