गायकाच्या उजव्या हाताला

विलंबित ख्याल चालू आहे. गायिका मंद्र षड्जावर स्थिरावली आहे, तानपुरे तेवढे बोलताहेत, आणि शेजारून खटॅक, खटॅक, खटॅक. डीएसएलआरमधला आरसा दर फोटोला उचलला जाऊन परत खाली आपटतो, त्याचा हा आवाज. लग्नात तो कुणाच्या कानावरही येत नाही. मैफलीत पुढच्या तीन रांगा माना वळवून बघतात.

तरीही मला मैफलीत कॅमेरा न्यायचा होता. कारण सांगतो. ज्यांच्याकडे मी चार वर्षं तबला शिकलो ते गुरुजी गेले, तेव्हा श्रद्धांजली सभेसाठी त्यांचा एक फोटो हवा होता. घरच्यांनी दोन अल्बम काढून दिले. शाल-श्रीफळ घेतानाचे नऊ फोटो, समई लावतानाचे चार, एका मंत्र्याशेजारी उभे असलेला एक. वाजवतानाचा एकही नाही! मैफलींचे फोटो होते, पण त्यांत मध्यभागी पाहुणा गायक आणि कडेला गुरुजींचा कोपर, नाहीतर नुसता डग्गा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी अखेरची वर्षं ज्या नाशकात काढली, त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ साली जिथे जन्मले, त्या गावात आयुष्यभर साथ करणाऱ्या माणसाची ही शिल्लक. सभेत शेवटी शाल पांघरलेला फोटोच लावला.

तेव्हा लहान, गप्प राहणारा कॅमेरा शोधायला लागलो. एम. जी. रोडवरचा एक दुकानदार म्हणाला, ‘स्टेजसाठी घेताय ना, मग झूम बघा.’ त्याने सोनी आरएक्स१०० सात समोर ठेवला. खिशात मावतो आणि २०० मिलिमीटरपर्यंत पोचतो, मागच्या रांगेतून गायकाच्या कपाळावरचा घाम दिसेल. पण एवढ्या झूमला त्याची लेन्स एफ ४.५ च्या पलीकडे उघडत नाही. एफ २.८ च्या मानाने अडीचपट कमी उजेड, आणि सेन्सर एक इंची, म्हणजे जेमतेम १३ बाय ९ मिलिमीटर. काळ्या पडद्यापुढे, दोन पिवळ्या दिव्यांत हे परवडत नाही. त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. इतक्या झूमने चेहरा जवळ येतो, आणि शेजारचा तबलजी चौकटीबाहेर जातो. म्हणजे पुन्हा तेच.

रिको जीआर तीनवर मात्र मन बसलं होतं. पाव किलोच्या आसपास वजन, आत डीएसएलआरच्या तोडीचा सेन्सर, शटर तर इतकं हलकं की हातालाच कळतं. पण त्याला डोळा लावायची खिडकी नाही. मागचा पडदा बघूनच फोटो काढायचा, आणि अंधाऱ्या नाट्यगृहात तो पडदा म्हणजे मागच्यांच्या डोळ्यांपुढे धरलेला कंदीलच. शिवाय २८ मिलिमीटरची स्थिर लेन्स. चौथ्या रांगेतून सगळं व्यासपीठ येईल आणि माणसं मुंग्यांएवढी.

अखेर पॅनासॉनिकचा एलएक्स१०० घेतला, वापरलेला. हे मॉडेल २०१४चं आहे, आणि दुकानदाराला माझी कीव आली असावी. पण त्याला खिडकी आहे, लेन्स २४ ते ७५ मिलिमीटर आणि एफ १.७ ते २.८, आणि शटर लेन्सच्या आतच आहे. पाकळ्या मिटाव्यात तसं ते मिटतं, जवळजवळ निःशब्द. पूर्ण मुका इलेक्ट्रॉनिक शटरही त्यात आहे, पण तो मी वापरत नाही. हल्ली मंचावर एलईडी दिवे असतात, ते डोळ्यांना न कळेल इतक्या वेगाने लुकलुकतात. इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतं, त्यामुळे कलाकाराच्या झब्ब्यावर आडवे काळे पट्टे उमटतात.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे त्याचा बीप आणि फोकससाठी लागणारा दिवा बंद करणं. तो दिवा थेट गाणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. चालू करताना लेन्स बाहेर येते तिचाही बारीक आवाज होतो, म्हणून तानपुरे जुळत असतानाच मी कॅमेरा चालू करून ठेवतो.

एरिख सालोमन हा जर्मन छायाचित्रकार १९२०च्या दशकात टोपीत कॅमेरा लपवून कोर्टातले फोटो काढायचा. मला लपायचं नव्हतं. आयोजकांना आणि कलाकारांना आधी विचारतो, आणि एकदा बसलो की जागा सोडत नाही. आपल्या पद्धतीत तबला गायकाच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे श्रोत्यांच्या डावीकडे. मी मध्यापासून जरा उजवीकडे बसतो. तिथून गायक तबल्याकडे वळला की त्याची अर्धीच बाजू मिळते, पण तबलजीचा चेहरा पूर्ण दिसतो. गायकाचे फोटो काढायला बाकी सगळे आहेतच.

बोटांसाठी शटर अडीचशेवर लागतं, चेहऱ्यासाठी साठ पुरतं; दोन्ही मिळत नाहीत, मी चेहरा घेतो. काळ्या पडद्याला भुलून कॅमेरा चेहरे पांढरे करतो, म्हणून एक्स्पोजर एक-दीड पायरी खाली. बाकी काम ऐकण्याचं. विलंबित एकतालाचं आवर्तन मिनिटभर चालतं, आणि ठेका समेकडे यायला लागला की पुढे काय होणार ते ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. सम येते, दोघं एकमेकांकडे बघतात, सभागृहातून ‘वाह’ जाते, तेव्हा एकदाच बटण दाबायचं. मैफलीत पन्नासेक फोटो होतात. इतरांचे सहाशे होतात.

सुला फेस्टसारख्या ठिकाणी या सगळ्याची गरज नाही, तिथे ढोल फुटला तरी कळायचं नाही. पण नेहरू चौकातल्या पिंपळपारावर दिवाळीच्या पाडव्याला पहाटे लोक पाराभोवती अगदी दाटीवाटीने बसतात. अंधारात दिव्यांवर सुरू झालेलं गाणं उजाडेपर्यंत चालतं, तसे चेहऱ्यांचे रंग पिवळ्याचे निळसर होत जातात. मध्येच कधीतरी तबलजी मान वर करून गायकाकडे बघतो.

आतापर्यंत अकरा साथीदारांना त्यांचे वाजवतानाचे फोटो दिले. मोबाइलवर पाठवत नाही, आठ बाय बाराचे छापून देतो. एका हार्मोनियमवाल्या काकांनी तो घेतला, चष्मा काढून जवळून बघितला आणि विचारलं, ‘हा यमनचा ना?’ यमनचाच होता.

तानपुऱ्यावर बसणाऱ्या मुली मात्र अजून हाती लागत नाहीत. त्या गायकाच्या मागे, दिव्यांच्या बाहेर असतात. एफ १.७लाही तिथे फक्त तारांवरची एक चमक येते. पुढच्या वेळी डाव्या अंगाला, जरा पुढे बसून बघणार आहे.